वॉरबर्डसाठी ग्लो की इलेक्ट्रिक? खर्चाचा हिशेब मांडूया

पंखवेडा
नमस्कार मंडळी. रेडिओ-कंट्रोल मॉडेल विमानांत ट्रेनर (शिकाऊ विमान) झालं, लो-विंग स्पोर्ट विमानही झालं, आता पहिलं वॉरबर्ड, म्हणजे जुन्या लढाऊ विमानाची प्रतिकृती, बांधायला घेतलंय. स्पिटफायर, पंखांची लांबी साधारण दीड मीटर, बाल्सा आणि प्लाय. तयार झाल्यावर वजन ३ किलोच्या आसपास जाईल. प्लॅनवर दोन्ही पर्याय दाखवलेत: ४६ ते ५५ चं टू-स्ट्रोक किंवा ७० चं फोर-स्ट्रोक ग्लो (तापलेल्या प्लगने मिथेनॉल पेटवणारं इंजिन; आकडे घन इंचाच्या शंभराव्या भागात), नाहीतर सहा सेलच्या बॅटरीवर चालणारी ब्रशलेस मोटर. फायरवॉल (नाकातली, इंजिन किंवा मोटर बसवायची आडवी फळी) चिकटवण्याआधी ठरवायचंय. एकदा चिकटली की बदल करायला नाक कापावं लागेल.

या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो इलेक्ट्रिक जवळजवळ फुकटात उडतं, दुसरा म्हणतो बॅटऱ्या घेताघेता माणूस कंगाल होतो. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? भाव जागेनुसार आणि महिन्यानुसार बदलतात, म्हणून रकमा नकोत. काय किती लागतं, किती टिकतं, कुठे खर्च लपलेला असतो, ते सांगा. बेरीज मी करेन.

सहासेल
आधी विजेचा मुद्दा निकालात काढू, कारण त्यात फारसं काही नाही. तुमच्या विमानाला ६एस ४००० चा (सहा सेल, ४००० मिलीअँपिअर-तास) बॅटरी पॅक बसेल. २२.२ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-तास म्हणजे ८९ वॉट-तास. लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) ८० टक्क्यांपेक्षा जास्त रिकामी करायची नाही, म्हणजे एका उड्डाणाला ७१. चार्जरमध्ये जे वाया जातं ते धरून ८५ म्हणा. विजेच्या एका युनिटमध्ये अकरा-बारा उड्डाणं होतात. हिशेबाच्या वहीत ही ओळ लिहिली नाही तरी चालेल.

ताकदीचं म्हणाल तर वॉरबर्डला किलोमागे ३०० वॉट धरावेत. तुमच्या विमानाला ९०० वॉट, पूर्ण थ्रॉटलला ४३ अँपिअरच्या आसपास. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) ६० अँपिअरचा घ्या, ५० च्या भानगडीत पडू नका. उडताना थ्रॉटल मागेपुढे होत राहतो, सरासरी २७ अँपिअर पडतात, त्यामुळे सात मिनिटं आरामात मिळतात. वॉरबर्डला सात मिनिटं पुरतात.

मिथेनॉल
सहासेल यांचं गणित बरोबर आहे, पण वीज म्हणजे इंधन नव्हे. इलेक्ट्रिकमध्ये तुमचं इंधन म्हणजे पॅक. तो तुम्ही आगाऊ विकत घेता आणि थोडाथोडा वापरता. हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचा हिशेब सोपा आहे.

आता ग्लोचं सांगतो. आमचं इंधन म्हणजे मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. मिथेनॉल जाळायला हवा कमी लागते. एक भाग मिथेनॉलला साडेसहा भाग हवा, तर पेट्रोलला जवळजवळ पंधरा. इंजिन ओढतं हवा तेवढीच, म्हणून मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खर्ची पडतं. वर १८-२० टक्के तेल, तेही बरंचसं न जळता सायलेन्सरमधून बाहेर. त्यामुळे ग्लो इंजिनाची तहान मोठी. ४६ चं टू-स्ट्रोक मिनिटाला २५ मिली धरा. सात मिनिटांचं उड्डाण, सुरू करणं, सुई (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) जुळवणं, जमिनीवर चालवणं, असं सगळं मिळून २०० मिली. एका लिटरमध्ये पाच उड्डाणं. त्याच ताकदीचं ७० चं फोर-स्ट्रोक एका लिटरमध्ये आठ देईल, पण ते इंजिन टू-स्ट्रोकच्या दीडपट ते दुप्पट भावाला पडतं.

इंधनात सगळ्यात महाग घटक नायट्रो. लोक उगाच १५ टक्के भरतात. साध्या टू-स्ट्रोकला ५ टक्के पुरेसे आहेत. एफएआय या जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या कंट्रोल-लाइन (तारेला बांधून गोल उडवायच्या) वेगस्पर्धेत तर ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के तेल असं बिननायट्रोचं इंधन वापरतात. नायट्रोने आयडल (इंजिनाची मंद चाल) शांत होतो आणि सुई कुठे ठेवायची याला थोडी मोकळीक मिळते. शिकणाऱ्याला तेवढं हवंच.

सहासेल
काका, मग तुमच्याच आकड्यांवर तुलना करू. नीट सांभाळलेला पॅक १५० उड्डाणं देतो असं धरू. १५० गुणिले २०० मिली म्हणजे ३० लिटर. एका पॅकचा भाव ३० लिटर ग्लो इंधनापेक्षा कमी असेल तर इलेक्ट्रिक स्वस्त. फोर-स्ट्रोक घेतलं तर ३० च्या जागी १९ लिटर. पंखवेडा, तुमच्याकडचे दोन भाव घ्या आणि भागाकार करा. पॅक समजा १० लिटर इंधनाच्या भावाला पडत असेल, तर टू-स्ट्रोकच्या तुलनेत पन्नासाव्या उड्डाणाला त्याची किंमत वसूल होते. पुढची शंभर उड्डाणं जवळपास विजेच्या खर्चात.

शेपटीचाक
हा भागाकार कागदावर चोख आहे. मैदानावर तो तसा राहत नाही, आणि इथेच बहुतेकांचं अंदाजपत्रक कोसळतं.

पहिली गोष्ट, एका पॅकवर कोणी मैदानावर जात नाही. सात मिनिटं उडवायचं आणि तासभर चार्जिंगची वाट बघायची, असं कोण करेल? किमान तीन पॅक लागतात. तीन पॅकमध्ये १५० च्या हिशेबाने ४५० उड्डाणं आधीच विकत घेतलेली असतात.

दुसरी गोष्ट, लायपो वापरली नाही तरी म्हातारी होते. तीन-चार वर्षांत तिचा अंतर्गत रोध वाढतो, टेकऑफला व्होल्टेज बसतं, पोट फुगायला लागतं. आता वर्षाला साठ उड्डाणं करणारा माणूस घ्या. हौशी माणसासाठी हे काही कमी नाहीत. साडेतीन वर्षांत २१० उड्डाणं झाली. तीन पॅकमध्ये वाटली तर प्रत्येकी ७०. पॅक १५० पूर्ण करून मेला नाही, ७० वरच वयाने गेला. म्हणजे दर उड्डाणाचा बॅटरीखर्च दुपटीहून वाढला. सहासेल यांच्या ३० लिटरच्या जागी आता १४ लिटर लिहा, आणि फोर-स्ट्रोकसमोर तर जेमतेम ९. आता सामना चुरशीचा होतो.

उलट हेच तीन पॅक दोन विमानांत वापरले तर चित्र पुन्हा पालटतं. मी माझ्या स्पोर्ट विमानाला मुद्दाम त्याच ६एस ४००० वर आणलं, कनेक्टरही एकच ठेवला. वॉरबर्ड वाऱ्यामुळे जमिनीवर बसलं तरी पॅक रिकामे बसत नाहीत. पंखवेडा, तुमचं आधीचं विमान कशावर चालतं? याचं उत्तर मिळाल्याशिवाय कोणीही तुम्हाला खरा आकडा सांगू शकणार नाही.

पंखवेडा
शेपटीचाक ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. स्पोर्ट विमान ४एस ३३०० वर आहे, म्हणजे पॅक सामाईक होणार नाहीत. चार्जर सहा सेलपर्यंत जातो. महिन्यातून दोनदा मैदानावर जाणं होतं, प्रत्येक वेळी दोन-तीन उड्डाणं. म्हणजे तुमच्या साठच्या आकड्याच्या जवळच आहे मी.

आणखी एक. पॅकचं वय खरंच सांभाळता येतं का, की नशिबाचा भाग आहे?

शेपटीचाक
बरंचसं हातात असतं. पूर्ण भरलेला पॅक आठवडाभर तसाच ठेवणं हे सगळ्यात घातक. उड्डाण झालं नाही तर घरी येऊन सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचा, चार्जरमध्ये स्टोरेज नावाची सोय त्यासाठीच असते. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायचा नाही. उड्डाणानंतर हाताला सोसवत नाही इतका गरम येत असेल तर प्रॉप (पुढचा पंखा) मोठा आहे किंवा पॅक लहान आहे. आणि महिन्यातून एकदा चार्जरवर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध बघून पॅकवरच्या चिकटपट्टीवर लिहून ठेवा. सहापैकी एका सेलचा आकडा इतरांपेक्षा पळायला लागला की पॅक कुठल्या दिशेने चाललाय ते कळतं, आणि तो वॉरबर्डमधून काढून हलक्या कामाला लावता येतो.

बाल्साभुसा
इंधन आणि बॅटरीवर सगळे बोलले, बाकीचं सामान राहिलं. ग्लोसाठी: १२ व्होल्टचा स्टार्टर आणि त्याची बॅटरी, प्लग पेटवायचं ग्लो ड्रायव्हर, इंधनाचा पंप, प्लग पाना, जास्तीचे प्लग, सिलिकॉनच्या नळ्या, टाकी, थ्रॉटलचा सर्वो (हलवणारी छोटी मोटर), रिसीव्हरसाठी वेगळी बॅटरी. इलेक्ट्रिकसाठी: मोटर, ईएससी, दमदार चार्जर, त्याचा पॉवर सप्लाय, पॅक ठेवायची अग्निरोधक पेटी. सहा सेलवर रिट्रॅक्ट (आत मिटणारी चाकं) आणि फ्लॅप चालवायचे तर ईएससीमधल्या बीईसीवर (रिसीव्हर आणि सर्वोंना वीज देणाऱ्या भागावर) विसंबू नका, वेगळा यूबीईसी लावा. तुमच्याकडे सहा सेलचा चार्जर आहे, म्हणजे या यादीतली सगळ्यात जड वस्तू आधीच वसूल आहे. ग्लोमध्ये नव्याने शिरणाऱ्याला मात्र अख्खी पेटी उभी करावी लागते.

वॉरबर्डचा खास खर्च रंगाचा. ग्लोच्या धुराड्यातून निघणारं तेल फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) पोटावर, पंखाच्या मुळाशी, रिट्रॅक्टच्या खाचेत जाऊन बसतं. मिथेनॉल बहुतेक साधे रंग विरघळवतं. तुम्ही पॅनल लाइन आखणार, रिव्हेट उमटवणार, मॅट रंग देणार, स्क्वॉड्रनची अक्षरं काढणार, आणि त्यावर इंधनरोधक पॉलियुरेथेनचा थर द्यावाच लागणार. मॅट थर इंधनाला कमी दाद देतो, म्हणून लोक थोडी चकाकी पत्करतात. फायरवॉल आणि टाकीची खोली पातळ इपॉक्सीने आतून माखायची. नाहीतर दोन-तीन हंगामांत तेल लाकडात मुरतं, डिंक सुटतो आणि फायरवॉल हलायला लागते. इलेक्ट्रिक विमान उडवून आल्यावर फडक्याने गवत पुसलं की झालं. ज्याने महिनोन् महिने घालून रंगकाम केलंय त्याच्यासाठी हा खर्च इंधनापेक्षा मोठा आहे.

मिथेनॉल
बाल्साभुसा, रंगाबद्दल पूर्ण सहमत. पण पडझडीचा हिशेब कोणी मांडला नाही. वॉरबर्ड कधी ना कधी नाकावर जातं, स्पिटफायर आणि बीएफ १०९ तर हमखास. ग्लोमध्ये प्रॉप तुटतो, इंजिन थांबतं, विषय संपला. जोरात आदळलं तरी बहुतेक वेळा सुई किंवा कार्ब्युरेटर बदलून इंजिन पुन्हा चालतं. इलेक्ट्रिकमध्ये प्रॉप गवतात अडकला आणि थ्रॉटल वर राहिला तर ईएससी जळतो. नाकात ठेवलेला पॅक आदळून चेपला तर तो गेलाच. पुन्हा वापरायचा नाही, विमानातून लगेच काढून मोकळ्या जागेत लांब ठेवायचा, कारण अशा पॅकला थोड्या वेळाने आग लागू शकते.

आणि इंजिन पिढ्यान् पिढ्या टिकतं. प्लॅटिनमच्या तारेचा ग्लो प्लग रे आर्डन यांनी १९४७ मध्ये बाजारात आणला, ओएसचं पहिलं फोर-स्ट्रोक १९७६ चं. त्या काळातली इंजिनं आजही नवी बेअरिंग घालून उडतात. लोक इलेक्ट्रिककडे वळल्यामुळे जुनी चांगली इंजिनं पडत्या भावात मिळतात. प्रॉप हाताने फिरवून कॉम्प्रेशन बघा, बेअरिंग खरखरत नाही ना ते बघा आणि बिनधास्त घ्या. जुना लायपो पॅक मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नका.

एकच पथ्य पाळा. दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवायचं आणि आफ्टर-रन तेलाचे थेंब सोडायचे. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, जळाल्यावर आम्लं तयार होतात, त्यांनी बेअरिंग गंजतं. एरंडेल मिसळलेलं इंधन गंजापासून थोडं वाचवतं, पण महिनोन् महिने पडून राहिलं तर इंजिन चिकटून बसतं. आणि नव्या मुलांना आवर्जून सांगतो, मिथेनॉल विषारी आहे. पोटात गेलं तर दृष्टी जाते, कातडीतूनही शोषलं जातं, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. इंधन भरताना शेजारी फडकं आणि पाणी ठेवा.

सहासेल
पडझडीचा मुद्दा रास्त आहे. ईएससीचं मात्र शिस्तीने टळतं: चाकं टेकली की थ्रॉटल बंद, आणि ट्रान्समीटरवर थ्रॉटल-कट एका स्विचला लावून ठेवायचा.

पण काका, पडझडीचं कारणही मोजायला हवं ना? वॉरबर्डचं पंखभारण, म्हणजे पंखाच्या क्षेत्रफळामागे वजन, जास्त. हवेत इंजिन बंद पडलं की ते ट्रेनरसारखं तरंगत येत नाही, नाक खाली घालून वेगाने उतरतं. त्यात वळण्याच्या नादात वेग गेला की टिप स्टॉल, म्हणजे एका पंखाच्या टोकाची उचल सुटून विमान कलंडतं. ग्लोमध्ये सुईने मिश्रण थोडं पातळ राहिलं, टाकीत फेस झाला, प्लग थकला, यातलं काहीही डेडस्टिकला (हवेत इंजिन बंद पडायला) पुरतं. स्पिटफायरच्या सडपातळ काउलमध्ये (नाकावरच्या आवरणात) इंजिन उलटं बसवावं लागतं, आणि उलटं इंजिन आयडलला जास्त रुसतं, म्हणून लोक विमानातच ग्लो ड्रायव्हर बसवतात. एक डेडस्टिक अख्खं विमान खाऊ शकतं. तो खर्च इंधनाच्या लिटरमध्ये मावत नाही.

मिथेनॉल
सुई नीट लावता येणाऱ्याचं इंजिन वर्षानुवर्षं हवेत बंद पडत नाही. पण पंखवेडा ग्लोमध्ये नवखे आहेत, आणि ती सुई शिकायची जागा पहिलं वॉरबर्ड नव्हे. हे मी मान्य करतो.

दोनशेपाटी
माझा अनुभव जुळ्या इंजिनांच्या विमानाचा आहे, म्हणून लिहितो. पी-३८ लाइटनिंग किंवा मॉस्किटो मनात असेल तर खर्चाची तुलनाच करू नका, सरळ इलेक्ट्रिक घ्या. ग्लोमध्ये दोन इंजिनं एकसारखी जुळवायची, आणि एक बंद पडलं की दुसरं विमानाला फिरवून जमिनीत घालतं. पी-३८ चे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतात. ग्लोमध्ये उलट फिरणारं इंजिन हवं तर वेगळा क्रँकशाफ्ट लागतो. ब्रशलेस मोटरच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते, मग उलट्या पात्याचा प्रॉप लावला की झालं.

हे तुमच्या स्पिटफायरलाही लागू पडतं बरं का. मर्लिन इंजिनवाल्या खऱ्या स्पिटफायरचा पंखा एका दिशेने फिरायचा, ग्रिफनवाल्याचा विरुद्ध दिशेने. तुम्ही मार्क १४ बांधत असाल तर हा तपशील मोटरवर बिनखर्चात साधतो.

पंखवेडा
मार्क ९ आहे, म्हणजे मर्लिन आणि चार पात्यांचा प्रॉप. चार पाती जमिनीवर दाखवायला आणि उडवायला दोन, असंच करणार होतो.

बाल्साभुसा
मोटर असेल तर चार पात्यांवरही उडवता येईल. कमी केव्हीची (व्होल्टमागे कमी फेरे घेणारी) मोटर निवडा, व्यास थोडा कमी करा, वॉटमीटर लावून अँपिअर मोजा आणि मगच उडवा. कार्यक्षमता थोडी जाते, म्हणजे उड्डाण अर्ध्या-एक मिनिटाने लहान होतं. विमान जवळून जाताना जे दिसतं त्यासाठी मला तो सौदा मंजूर आहे. फक्त इलेक्ट्रिक प्रॉप कधीही ग्लो इंजिनावर लावू नका. त्याची पाती आणि मूळ पातळ असतात, इंजिनाच्या धक्क्यांनी ती उडतात आणि माणूस जायबंदी होतो.

कमीतकमी
पेट्रोलचं नाव कोणीच काढलं नाही! लहान पेट्रोल इंजिनं आता मिळतात, इंधन निम्म्याहून कमी लागतं आणि तेही स्वस्त.

मिथेनॉल
मिळतात, पण वजन, इग्निशनची बॅटरी आणि थरथर बघता ३ किलोच्या विमानाला नकोत. दोन मीटरच्या वर गेलात की पेट्रोलसमोर ग्लो आणि इलेक्ट्रिक दोन्ही खर्चात मागे पडतात. आणि ग्लोच्या सिलिकॉन नळ्या पेट्रोलला चालत नाहीत, त्या फुगून सुटतात.

पंखवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बसून बेरीज केली. पूर्ण ग्लो पेटी, फोर-स्ट्रोक आणि इंधनरोधक थर एका बाजूला. मोटर, ईएससी, यूबीईसी आणि तीन पॅक दुसऱ्या बाजूला. पहिल्या दिवसाचा खर्च इलेक्ट्रिकचा कमी आला, कारण चार्जर आधीच होता. नंतरच्या साडेतीन वर्षांत मात्र दोघं जवळजवळ बरोबरीत येतात, शेपटीचाक ताई म्हणाल्या तसंच. टू-स्ट्रोक घेतलं असतं तर सुरुवात स्वस्त झाली असती, पण इंधनाने ती बचत दुसऱ्याच वर्षी खाल्ली असती.

मी इलेक्ट्रिक नक्की केलंय. पॅक तीनऐवजी दोनच घेणार, म्हणजे ते वयाने मरण्याआधी शंभरच्या पुढे वापरले जातील. तिसऱ्या उड्डाणासाठी एक पॅक मैदानावरच पुन्हा भरेन, आणि पुढचं स्पोर्ट विमान ६एस ४००० वरच बांधेन. आता शेवटचा प्रश्न: फायरवॉल प्लॅनवर दाखवलेल्या जागीच लावू का, आणि पॅक आत कुठून घालू? स्पिटफायरच्या नाकाला झाकण कापायला जीव होत नाही.

शेपटीचाक
दोनच पॅक, हे उत्तम. मैदानावर भरायचा तर उड्डाणानंतर पॅक थंड झाल्यावरच लावा आणि १सी, म्हणजे ४ अँपिअरच्या वर जाऊ नका.

बाल्साभुसा
फायरवॉल अजून चिकटवू नका. विमानाचा सांगाडा, शेपटी, सर्वो, रिट्रॅक्ट सगळं जागेवर टाचणीने अडकवा, मोटर काउलमध्ये हाताने धरा आणि पॅक पुढेमागे सरकवून गुरुत्वमध्य बघा. इंजिनापेक्षा मोटर हलकी असते, त्यामुळे पॅक फायरवॉलला अगदी टेकवूनही शेपूट जड राहण्याचा संभव आहे. तसं झालं तर फायरवॉल पुढे घेऊ नका. तिलाच खालच्या अर्ध्यात खिडकी कापा आणि पॅकचं पुढचं टोक मोटरच्या खालून काउलमध्ये जाऊ द्या. खिडकीच्या कडेला ३ मिमी प्लायची चौकट लावली की ताकद टिकते. शिसं घालावं लागत नाही, म्हणजे वजनही वाचतं.

झाकणासाठी काउलच्या मागच्या रेषेपासून कॉकपिटच्या काचेपुढपर्यंतचा वरचा भाग घ्या. खऱ्या स्पिटफायरलाही तिथे इंधनटाकीचं आवरण होतं, त्याच्याच पॅनल रेषेवर कापलं तर फट दिसत नाही. पुढच्या बाजूला दोन प्लायच्या जिभा, मागे दोन चुंबकं. थंड हवा हनुवटीखालच्या तोंडातून आत घ्या आणि पंखाखालच्या रेडिएटरमधून बाहेर सोडा, बाहेरचं तोंड आतल्याच्या दीडपट तरी मोठं हवं. ईएससी त्याच वाटेवर बसवा. गुरुत्वमध्य बघून झाला की मोजमापं इथे टाका, खिडकी किती कापायची ते सांगतो.